आधी तिला उठव

ता. ५, सोमवार

चि. मुंगीस आजीचे अ. आ.

तर तू बघायला पाठवलेल्या मुलाच्या आधी उगवली ती त्याची आई. चारला यायचं ठरलेलं, बाई सव्वातीनलाच दारात! मुख्याध्यापिका आहेत एवढं तू लिहिलं होतंस, पण घंटेच्या आधीच वर्गात शिरतात हे नव्हतं लिहिलंस. आणि मी कशी होते म्हणून सांगू? केस मोकळे, पाय स्टुलावर, चष्मा कपाळावर, हातात तुझा तो बटणांचा रिमोट. टीव्हीवर तीन तोंडांचा पक्षी, आणि मी त्याला ओरडून सांगतेय की मेल्या थांब, आता माझी पाळी आहे. दार नुसतं लोटलेलं होतं. वळून बघते तर बाई उंबऱ्यात, पर्स छातीशी धरून, डोळे बशीएवढे.

हो, आता तुझ्यापासून काय लपवायचं? गेल्या वर्षी पाय प्लास्टरमध्ये होता ना, तेव्हा खालच्या वायरमनला सांगून तुझी ती जपानी खेळांची जुनी पेटी माळ्यावरून काढली आणि टीव्हीला जोडून घेतली. म्हटलं दोन दिवस बघू. ते दोन दिवस अजून चालू आहेत. फोनवर सांगितलं नाही, कारण एक तर कानातलं यंत्र शिट्या मारतं आणि दुसरं म्हणजे तू हसली असतीस. पत्राचं बरं असतं, हसलीस तरी मला ऐकू येत नाही.

दोन डिस्क लावून पाहिल्या. एक तो उड्या मारत तलवार चालवायचा. तो मला नाही पटला. श्वास घ्यायला उसंत नाही, चुकलास की मेलास, मेलास की पुन्हा पहिल्यापासून. माझे अंगठे सुजले. पण दुसरा, तो चौघांनी मिळून देश हिंडायचा, तो गं बाई फारच गोड! काय सभ्य लोक आहेत! राक्षससुद्धा आपली पाळी येईपर्यंत जागच्या जागी डुलत उभा राहतो. आपल्या इमारतीच्या मीटिंगला हा नियम लावला तर निम्मी भांडणं मिटतील. ती अक्षरं काही मला वाचता येत नाहीत. ते तोंड हलवतात, मी माझ्या मनाने बोलणं घालते. बुरुजात एक पांढऱ्या दाढीचे आजोबा आहेत, त्यांच्याशी तर माझी फारच गट्टी जमलीय.

भरकटले. तर मुलगा आला बरोबर चारला. उंच आहे, जरा पोक काढून चालतो, सारखा लिफ्टच्या खड्ड्यात वाकून तसं झालं असेल. बाई आक्रसून बसल्या होत्या, पण याने दारातूनच खेळ ओळखला आणि चेहरा असा उजळला, काय सांगू! मी रिमोट दिला हातात. आणि मुंगी, त्याने पहिलं काय केलं असेल? सरळ एका परक्या घरात शिरला, कोपऱ्यातली सगळी मडकी फोडली, कपाट उघडलं, आतलं होतं ते खिशात घातलं! घरधनीण तिथेच उभी, तिच्या देखत! माझ्या तर अंगावर काटा आला. मी विचारलंच, की बाबा रे, लोकांच्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करायला जातोस तेव्हाही असंच करतोस का? कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, या खेळाची रीतच आहे आजी, सगळे करतात, वस्तू त्यासाठीच ठेवलेल्या असतात. मी म्हटलं, असेल, पण मी वर्षभरात कुणाच्या झाकणाला हात लावलेला नाही.

मग त्याने माझी माणसं नीट पाहिली. कुणाच्या हातात लाकडी दांडका, कुणाच्या अंगावर फाटका सदरा. अशा अवस्थेत मी राक्षसाच्या पुलापर्यंत पोचलेच कशी, म्हणून तीनदा विचारलं. मी म्हटलं, वेळ होता. त्यानंतर तो माझ्या नियमाने खेळला, एक मडकं फोडलं नाही. पाच वेळा हरला, पण त्रागा नाही की चरफड नाही. तेवढ्यावरच मी तुला हो म्हण असं लिहिणार होते.

मग बाईंनी रिमोट मागितला.

त्या निळ्या झग्यातल्या पोरीला तू शाळेत असताना तुझं नाव दिलं होतंस, आठवतं? तेवढी अक्षरं मला ओळखता येतात, आणि मी सुरुवातीलाच दोघांना सांगितलं होतं की ही आमची मुंगी. तर पुलावर मोठी लढाई लागली आणि ती पोर आडवी पडली. तिथे पडलं म्हणजे मेलं असं नसतं, औषध पाजलं की उठते. बाईंकडे तीन बाटल्या होत्या. पहिली दिली त्या तलवारवाल्याला, ज्याला मघापासून त्यांचा मुलगा चालवत होता. त्याला नुसतं खरचटलं होतं गं! दुसरीही त्यालाच. तिसरी म्हणे पुढे लागेल. पोर तीन लढाया तशीच फरशीवर. मी म्हटलं, अहो उठवा तिला. तर म्हणाल्या, गावात पोचलं की उठेल, तिच्यावाचून काही अडत नाही.

आणि तुझा लिफ्टवाला? मोज्यांकडे बघत बसला. एक शब्द नाही. अगं, खेळ तो खेळ हे मला कळतं, तेवढी मी अडाणी नाही. पण बाटली कुणाला पाजायची हे खेळातसुद्धा माणूस स्वतःच ठरवतं ना? आणि गप्प बसायचं हेही स्वतःच.

पुन्हा येऊ म्हणून गेले. मी कधी ते विचारलं नाही. माझं मन नाही म्हणतंय. पुढे तू शहाणी आहेस.

केस कापू नकोस आणि आजीवरची माया पातळ करू नकोस.

तुझी आजी


ता. ९, शुक्रवार

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र प्रयोगशाळेत उभ्या उभ्या वाचलं आणि मटकन खाली बसले. शेजारच्या टेबलावरच्या ताईंना वाटलं कुणाच्या रक्तात काही भयंकर निघालं. त्यांना काय सांगू, की माझी पंचाहत्तर वर्षांची आजी माझ्या खेळाच्या पुलावर पोचलीय, तेही एक कपाट न उघडता! आजी, आमच्या अख्ख्या वर्गात असं कुणी केलं नव्हतं. तू वर्षभर मला ताप, गुडघा आणि पाण्याची टाकी यांच्याबद्दल लिहितेस आणि हे एवढं दडवून ठेवतेस?

मी नेहमी म्हणायचे की खरे खेळ ते उड्यांचे आणि तलवारीचे, तिथे हाताची करामत लागते. पाळीपाळीने मारायचे खेळ म्हणजे रांगेत उभं राहणं. आता वाटतं, रांगेतच माणूस नीट दिसतं. धावपळीत कुणीही शूर असतो. विचार करायला हवा तेवढा वेळ दिला, की मग कोण काय करतं ते बघावं.

एक मात्र मन घट्ट करून वाच. ते पांढऱ्या दाढीचे आजोबा खलनायक आहेत. पहिलं गाव त्यांनीच जाळलं. शेवटची लढाई त्यांच्याशीच आहे. तुझी त्यांच्याशी गट्टी जमली हे वाचून मी कपाळाला हात लावला.

आता खरं ते लिहिते. त्याची बदली झालीय आणि या महिनाअखेरीस त्याला माझं उत्तर हवंय. लग्न झालं तर तिघांनी एका घरात राहायचं. तो वाईट नाही, आजी. दहाव्या मजल्यावर दोरीला लटकून काम करताना त्याचा हात कापत नाही. पण आईसमोर तो अजून वर्गात उत्तर द्यायला उभा राहिल्यासारखा बोलतो, आणि उत्तर येत नसेल तर बोलतच नाही. मी तुझ्याकडे त्यांना पाठवलं ते घर बघायला नाही. मी नसताना तो काय करतो, ते तू बघावंस म्हणून. तुला दिसलं ते मला कळलं.

तीन लढाया म्हणजे फार झाल्या गं. मी नकाराचं पत्र लिहून ठेवलंय. या रविवारी टपालपेटीत टाकणार होते, पण धीर होत नाहीये. त्यापुढच्या रविवारी, १८ला, नक्की टाकते. ते पुन्हा आले तर दार बंद करू नकोस, एवढंच.

गुडघ्याला तेल लाव. तुझा लोभ आहेच, तो आहे तिथेच असू दे.

तुझी मुंगी


ता. १५, गुरुवार

चि. मुंगीस आजीचे अ. आ.

त्या दाढीवाल्याचं ऐकून मी दोन वेळा पाणी प्यायले. किती गोड हसायचा मेला! मी रोज सकाळी आधी त्याच्या बुरुजात जाऊन त्याची खुशाली विचारायचे. माणसं ओळखण्यात आपण पटाईत, असा जो माझा समज होता तो या वयात धुळीला मिळाला. असो. त्यामुळे पुढचं वाचताना माझ्या शब्दावर जरा कमीच विसंब.

काल बाई आल्या. एकट्या. शाळेतूनच, बोटांना खडू लागलेला. मी दार उघडलं, पण या, बसा म्हटलं नाही, मुद्दाम. तर उभ्या उभ्याच विचारायला लागल्या, की ती निळी पोर खरंच तीन लढाया पडून होती का. मी म्हटलं तीन, मी मोजल्यात. मग त्या खुर्चीत बसल्या, आपणहून.

झालं होतं काय, की त्या दिवशी आमच्याकडून उतरताना जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, तो थांबला. आईला म्हणाला, तू आधी तिला उठवायला हवं होतंस. बाईंना वाटलं गंमत करतोय. तर घरी गेल्यावर पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता पुन्हा तेच, आणि या वेळी आवाज चढवून. म्हणाला, मी तिथे गप्प बसलो याची मला लाज वाटते, आणि तुला तिचं नाव माहीत होतं. बाई मला सांगत होत्या आणि अजून त्यांचा विश्वास बसत नव्हता. एकोणतीस वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता, म्हणाल्या, आणि चढवला तो एका चित्रातल्या पोरीसाठी! मी म्हटलं, चित्रातल्या कशाला, बाई? त्यांनी बोटांवरचा खडू रुमालाला पुसला.

मग म्हणाल्या, शाळेत आम्ही असंच करतो. पुढच्या बाकावरच्याला आणखी पुढे काढायचं, शाळेचा निकाल तोच उंचावतो. मागे पडलेल्यांना सांगायचं, थांबा जरा. वाईट हेतू नसतो. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. चहा टाकला.

चहा होईपर्यंत त्यांनी रिमोट उचललाही होता. त्याच पुलावर, तीच लढाई. पोर पुन्हा पडली. या वेळी बाटली एकच, आणि तलवारवालाही आता शेवटच्या घटका मोजतोय. बाईंचा अंगठा नुसता वर तरंगत होता. तिथे पाळी असते ना, कुणी घाई करत नाही. राक्षस बिचारा डुलतोय. मी कप धरून नुसती उभी. आणि बाईंनी बाटली पोरीला पाजली.

लगेच तलवारवाला कोसळला. बाई ओरडल्याच, की बघा, मी म्हणत होते! आणि तेवढ्यात त्या पोरीने हात वर केला, उजेड पडला, आणि तलवारवाला उठून उभा! बाटलीशिवाय! बाईंच्या हातून रिमोटच सुटला. मला विचारतात, हिला हे येतं? मी म्हटलं, पहिल्यापासून येतं. तिचं कामच ते आहे. तुम्ही तिला उभीच राहू दिली नव्हती.

मग त्यांनी रिमोट उचलला आणि लढाई संपवली. पूल ओलांडला आम्ही, मुंगी! वर्षभरानंतर! पण आनंद करायचंही भान राहिलं नाही.

आता माझं मत. मी विरघळले असं समजू नकोस. जिन्यात बोलणं वेगळं आणि खोलीत बोलणं वेगळं. हे मी बाईंना तोंडावर सांगितलं, की तुमच्या मुलाने जे वळणावर म्हटलं ते त्याला इथे वर बसून, मुंगीच्या देखत म्हणू दे, आणि तुम्ही ते ऐका. त्यांचं तोंड जरा आंबट झालं. मग म्हणाल्या, घेऊन येते. बोलेल की नाही ते मी नाही सांगू शकत, पण मी त्याला अडवणार नाही.

तेव्हा ते नकाराचं पत्र पेटीत टाकू नकोस, पर्समध्ये ठेव आणि इकडे ये. तुझ्या कानांनी ऐक. नाहीच बोलला तर तिथल्या तिथे त्याच्या हातात दे, मी चहासुद्धा विचारणार नाही.

मायेने लिहितेय, घाईने लिहितेय, स्पीड पोस्टाने धाडतेय, अक्षर गोड मानून घे.

तुझी आजी

ता. क. रविवारी, ता. १८ला, चार वाजता येतो म्हणालेत, दोघंही.