बोटावरची शाई

तुबली, बहरैन
८ नोव्हेंबर २०२४

ती. आईस सुजीतचा सविनय जयभीम. वि. वि.

ही गोष्ट फोनवर नको, म्हणून सुट्टीवर येणाऱ्या जयेशच्या हाती पत्र देतोय. संघप्रियाला दाखवू नकोस, तिचा इकडचा व्हिसा होईपर्यंत तरी.

अमेरिकेच्या निवडणुकीवरून आमच्या गॅरेजात महिनाभर वाद चालला होता. बहरैनी फोरमन म्हणायचा, कोणीही आला तरी बॉम्ब आमच्याच बाजूला पडणार. चहा देणारी हमीदा त्या बाईच्या बाजूची, तर माझ्याबरोबर काम करणाऱ्या चिरागला खात्री की तो म्हातारा लढाया थांबवील. मी म्हटलं, भांडता कशाला, मतदानच घेऊ. त्यांच्या लहरीवर आपलं पोट, पण आपल्याला कोण विचारतं? बाबांची इलेक्शन ड्यूटी बघत वाढलो ना मी. पेटी केली, चिठ्ठ्या केल्या आणि हौसेने प्रत्येकाच्या बोटाला पक्की शाईही लावली.

दुसऱ्या दिवशी एका अमेरिकन गिऱ्हाइकाने बोटांचं विचारलं. चिरागने कौतुकाने सगळं सांगितलं. गिऱ्हाईक हसलं, मॅनेजर हसला नाही. अमेरिकन गाड्यांचं कंत्राट जाईल ही त्याला धास्ती. सांगणारा तोच करणारा, असं धरून त्याने चिरागच्या व्हिसाचं रिन्यूअल थांबवलं. माझं बोट कोरं होतं, कारण केंद्राध्यक्ष म्हणून मी मत दिलंच नव्हतं. कोणी माझं नाव घेतलं नाही. मी काय करू?

तुझा,
सुजीत

नागपूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सुजीतला आईचे अनेक आशीर्वाद.

परवा इथे मतदान आहे. यादीत तुझं नाव आहे, आणि तू तिकडे परक्यांची पेटी सांभाळत बसलास. शहाणाच आहेस.

संघप्रियाने बॅग भरायला घेतली आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, तुमचा संसार अजून फोनवरच. तिच्याकडे पाहिलं की वाटतं, गप्प बस असं तुला लिहावं. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण गप्पच राहायचं असतं तर तू मला विचारलं नसतंस.

बाबांना सांगितलेलं नाही. तब्येत सांभाळ. माझी माया आहेच, ती कुठे जात नाही.

तुझी आई,
इंदुबाई

तुबली
२७ नोव्हेंबर २०२४

ती. आईस सविनय जयभीम.

मॅनेजरला सांगितलं. त्याने विचारलं, तू कोणाला मत दिलंस? कोणालाच नाही म्हटलं, ते त्याला पटलं नाही. चिरागचं काम मार्गी लागलं. माझा व्हिसा रद्द होतोय, म्हणजे संघप्रियाचाही आता होणार नाही. चिराग माझ्याशी बोलत नाही. इतके दिवस मी त्याला एकट्याला उभं ठेवलं, ते तो विसरलेला नाही.

पुढच्या आठवड्यात येतो. संघप्रियाला तू काही सांगू नकोस, मीच सांगेन. लोभ कमी करू नकोस. पण ती रागावली, तर आई, तू तिची बाजू घे. माझी नको.

तुझा,
सुजीत