नापासमधला 'ना'

३ ऑक्टोबर

मुन्नालालनं नाटक घेतलं!

वाचलं नाही, ऐकलं. डोळे मिटून, तोंडातलं पान सांभाळत. त्याची नाटक कंपनी दिवाळीपासून होळीपर्यंत पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत गावोगाव फिरते. माझ्या तिसऱ्या अंकात सून बोलणं बंद करते. मी तिथं थांबले. त्यानं एक डोळा उघडला.

— मॅडम, आगे?

— पुढे शांतता आहे.

— कितनी?

— बरीच.

— पब्लिक समजेल माइक गेला.

मग शिक्षण विचारलं. एम.ए., मराठी, प्रथम श्रेणी. कपाळावर हात मारून म्हणाला, "तरीच!" याआधी दोन एम.ए.वाल्यांची नाटकं घेऊन बसला आहे. दोन्हीत शेवटी नुसता पाऊस पडत होता म्हणे. पब्लिक छत्री नसताना घरी गेली.

दोन अटी. एक लावणी हवी. आणि डिग्रीचं कुठे बोलायचं नाही.

नाटकाचं नाव होतं 'न बोललेलं'. आता 'बोल सूनबाई, बोल!'

हो म्हणाले. लाज वाटली नाही. लिहून ठेवते.

११ ऑक्टोबर

तालीम. कंपनीचा विनोदी नट खुमेंद्र वही घेऊन आला. "ताई, हे इथं तीन टिंबं हायेत. बोलाचे का गिळाचे?"

गिळायची.

"तिन्ही?"

एम.ए.मधून माझ्या हाती नक्की काय आलं, ते आज कळलं. तीन टिंबं.

१९ ऑक्टोबर

पोस्टर आलं. गुलाबी. माझं नाव मोठं. त्याच्या डोक्यावर त्याहून मोठं — 'दहावी नापास लेखिकेचे तुफान तीन अंकी नाटक!'

मुन्नालालचं तत्त्वज्ञान: "मोठे झाले ते सब के सब नापास. पास झालेले त्यांच्याकडे नोकरीला." आणि: "नापासनं लिहिलं म्हणजे आपल्याले समजन, असं वाटते लोकांना."

मी हसले. खरंच हसले. नापास व्हायचं आयुष्यात राहूनच गेलं होतं.

मग तारखा पाहिल्या. पहिला प्रयोग केशोरी, मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला. आमचं गाव.

२० ऑक्टोबर

बाबा शाळेत शिपाई होते. निकालाचा कागद भिंतीवर तेच चिकटवत. कोणाचं पोर नापास झालं ते सगळ्यांआधी त्यांना कळायचं. घरी येऊन कधी कोणाचं नाव घेतलं नाही.

माझी डिग्री त्यांनी फ्रेम करून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावली. घरातली पहिली. पाहुण्याला आधी पाणी, मग डिग्री, मग चहा.

फोन करायला हवा होता. केला नाही.

२ नोव्हेंबर

केशोरीला उतरले. स्टँडवर पोस्टर: 'दहावी पास लेखिकेचे'. पानठेल्यावर: पास. पिठाच्या गिरणीवर: पास.

गावभर 'ना' खरवडलेला!

घरी बाबा जेवत होते. नखांत गुलाबी कागद.

"एम.ए. लिहाले जागा नोहती," म्हणाले. बस.

आई म्हणाली, "शिडी मागून आणली बुढ्यानं. पडला असता म्हंजे?"

संध्याकाळी मुन्नालालचा फोन. "पास? दहावी पास पाहाले कोन येते, मॅडम? हर घर में एक पडा है!"

५ नोव्हेंबर

काल प्रयोग झाला. अजून हसू येतंय.

तिसऱ्या अंकात सून गप्प झाली. तिन्ही टिंबं नीट गिळली. मागून कोणी ओरडलं, "माइक गेला रे!" माइकवाला धावत स्टेजवर. सुनेच्या तोंडाजवळ टकटक — हॅलो, हॅलो, चेक! लोक हसून हसून लोळले. दोन वर्षं मी त्या शांततेवर बसले होते.

नाटक संपल्यावर मुन्नालालनं मला पुढे ओढलं. "देखो, ये बच्ची, दहावी नापास —"

"खोटं हाये!"

बाबा. शालीखालून फ्रेम काढली. स्टेजवर चढले. दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. "माही पोरगी एम.ए. हाये! पयल्या वर्गात! ज्याले वाचता येते त्यानं वाचा!"

टाळ्या. शिट्ट्या! बाहेरगावच्यांना वाटलं, नट आहे. गावाला वाटलं, ताराचंद शिपायालाही काम मिळालं.

पडदा पडताच मुन्नालाल बाबांच्या पायाशी. "काका, कल भी ऐसाच गुस्सा आयेगा क्या?"

२६ नोव्हेंबर

येतो. बाबांना प्रत्येक प्रयोगाला राग येतो.

'नापास' पोस्टरवर परत आलं, बाबांच्याच परवानगीनं. "नापास म्हनलं नाही तं मी उठू कायले?" फ्रेमला मखमली पिशवी शिवली आहे. खुमेंद्र बाबांना सर म्हणतो. बाबा पावडर लावतात! आईला सांगू नको म्हणाले.

बसायला जागा उरत नाही. डिग्रीनं माणूस मोठा होतो की अडतो, यावर मी आता व्याख्यान देऊ शकते. मोठा होतो. फक्त ती डोक्यावर धरता आली पाहिजे, आणि त्याआधी कोणीतरी नापास म्हणायला हवं.

१० डिसेंबर

कोल्हापूरकडच्या एका कॉलेजातून मुलाखतीचं पत्र. कायम नोकरी. मूळ प्रमाणपत्र आणावे, झेरॉक्स चालणार नाही. नेमका तेव्हाच दवनीवाड्याचा प्रयोग.

चार वर्षांपूर्वी या पत्रासाठी मी काहीही केलं असतं.

बाबांना सांगितलं. पावडर पुसत होते.

"कॉलेजवाले टाळ्या वाजवतेत का?"

दोघंही हसलो. हसून झाल्यावर ते बराच वेळ फ्रेमची काच पुसत बसले. काच स्वच्छ होती.

१७ डिसेंबर

गोंदिया स्टेशन. कोल्हापूरची गाडी लागली आहे.

बाबा काल कंपनीच्या गाडीनं पुढे गेले. आज निघताना बॅग उघडली, तर सगळ्यात वर डिग्री. प्लास्टिकमध्ये, एकही घडी न पडलेली. भिंतीवर फ्रेम नव्हती. म्हणजे रिकामीच घेऊन गेले!

आई म्हणाली, "लांबून कोनाले दिसते? तू जाय."

शिट्टी झाली. मी अजून बाकावरच.

१८ डिसेंबर

काल दवनीवाडा. बाबांनी रिकामी काच डोक्यावर धरली. "माही पोरगी —"

आणि विंगेत मी दिसले. खांद्याला बॅग.

हात वरच राहिले. तोंडातून शब्द नाही.

मांडव गच्च भरलेला. कोणीही म्हणालं नाही, माइक गेला.