मास्तरीणबाईंचं जेवण

पोरी,

गेल्या मंगळवारी सकाळी वृद्धाश्रमातून फोन आला, तुझी आई गेली म्हणून. तरी मी आत्ता पुन्हा तिकडेच निघालोय. घरात बसवत नाही. रागावू नकोस.

आईच्या शेजारच्या खाटेवरच्या मास्तरीणबाई जेवत नाहीत. आईचे पाय गेले होते, पण हात चालायचे, तीच त्यांना भरवायची. वीस जणांमागे दोन आया, त्या कुणाकुणाला पुऱ्या पडणार? शिवाय तिथे कुणी गेलं की बाकीच्यांना सांगत नाहीत. लेकीनं घरी नेलं, असं म्हणतात. मास्तरीणबाईंना ते खरं वाटलंय. काल मला म्हणाल्या, "भावोजी, लेकीनं घरी काय नेलं, तुमची बायको भाव खायला लागली! साधा निरोप नाही. आता ती येऊन भरवेल तेव्हाच जेवेन."

माझ्या भिडेखातर तीन घास खाल्ले. अंगावरचे कपडे ढगळ झालेत त्यांच्या. आज सांगायचंच, असं ठरवून निघालोय. काल आणि परवाही असंच ठरवलं होतं.

तुझं ताट झाकून ठेवलंय. जेवून घे, माझ्यासाठी थांबू नकोस.

मास्तरीणबाईंना अजून काहीच सांगितलेलं नाही.

— बाबा