वाटाण्यांनी तोललेली फारकत

ब्रॅकनसाइड, डरहॅम, इंग्लंड
जुलै २०२१, रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

प्रिय बेरिल हिला,

थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. घ्यायचे नसतील तर नको घेऊस, पण पाकीट न फोडता परत पाठवू नकोस. काल टपाल कचेरीत जाऊन फ्रान्सला किती तिकीट लागतं ते विचारून आलो. खिडकीतल्या बाईने विचारलं, आत काय असणार आहे? मी म्हणालो, मनस्ताप. ती म्हणाली, त्यावर अजून जकात बसलेली नाही. तर लिहितो आहे. तुझा गुडघा कसा आहे? आमच्या मेहुण्यांचा, फर्नांडरावांचा, दमा कसा आहे? (त्यांच्या नावातला शेवटचा ‘ड’ म्हणायचा नसतो हे मला ठाऊक आहे, पण लिहिताना तरी मला तो वाया घालवायचा नाही.) तुमच्या गावच्या पावाबद्दल विचारत नाही, तो उत्तमच असणार आणि त्याच्या उत्तमपणाने तू आमचा पुष्कळ वर्षं छळ केला आहेस. इकडे तुझी वहिनी डोरीन ठीक आहे, मीही ठीक आहे. म्हणजे ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे. खरं सांगायचं तर ‘प्रिय’ लिहिल्यापासून दोन-तीनदा उठून अंगणात चक्कर मारून आलो आणि वर आभाळ बघून आलो. डोरीन म्हणते, पायाला भिंगरी लागलेला माणूस आणि चुलीवरचं दूध, दोघांकडे पाठ करता येत नाही.

पत्राचं कारण असं की कबुतरांच्या शर्यती लावणाऱ्या आमच्या मंडळाने माझ्यावर एक जोखमीचं काम सोपवलं. युरोपातून बाहेर पडल्याने आपला फायदा झाला की तोटा, हे एकदाचं नीट तोलून सांगायचं. अध्यक्ष सेप रेन. (होय, तोच. त्या रविवारी आपल्या टेबलावर भाजलेले बटाटे तिसऱ्यांदा वाढून घेत होता तो.) मी म्हटलं, सेप, असले हिशेब करायला लंडनमध्ये मोठमोठे अर्थपंडित बसलेत आणि त्यांचंही एकमेकांशी पटत नाही, तिथे माझी काय कथा? त्यावर तो म्हणाला, ‘तराजू कुणाकडे आहे? तुझ्याकडे. मग तोलणार कोण? तू.’ हा तराजू म्हणजे बाबांचा, कबुतरांचे दाणे तोलायचा, पितळी पारड्यांचा. गेली काही वर्षं डोरीन त्यावर केकचं पीठ तोलते आणि तिचे केक एका बाजूला झुकतात, यावरून तुला त्याच्या न्यायबुद्धीची कल्पना येईल.

पण तोलण्याचं सांगण्याआधी निघण्याचं सांगायला हवं. आपल्या घराण्यात निघण्याची एक रीत आहे. माणूस गुडघ्यांवर थापटी मारतो, ‘बरं तर, येतो आता’ म्हणतो, आणि तिथून निघण्याला फक्त सुरुवात होते. मग कोट. मग कोट घालून बोळात एथेल आत्याच्या पित्ताशयाचा विषय. मग उंबरठ्यावर हवामान. मग फाटकापाशी, ज्यासाठी आलो होतो ती खरी गोष्ट. मग गाडीची काच खाली करून पुन्हा पित्ताशय. बाबा तर एकदा निरोप घेता घेता रात्रीच्या जेवणाला राहिले होते. आपल्या देशानेही तेच केलं बघ. गुडघ्यांवर थापटी मारली, निघतो म्हणाला आणि साडेतीन वर्षं कोट घालून दारात उभा राहिला, ना आत ना बाहेर, आणि गार वारा सगळ्या घरात. (ते युरोपवाले बिचारे दार धरून उभे.) तू मात्र त्या रविवारी, राहायचं की निघायचं याचं मतदान होऊन तीनच दिवस झाले होते, मला विचारलंस, ‘क्लिफ, कुणाला दिलंस मत?’ मी ग्रेव्हीकडे बघितलं. सेप माझ्या वतीने हसला. तू उठलीस, गुडघ्यांवर थापटी मारली नाहीस, ‘येते’ म्हणाली नाहीस. ‘जाते’ म्हणालीस, आणि गेलीस. फर्नांडराव एक हात कोटात घालून मागे धावले. डोरीनने केलेला अ‍ॅपल पाय तसाच राहिला. डोरीन खिडकीतून बघत म्हणाली, ‘अगं बाई, ही खरंच गेली की!’ त्याला आता पाच वर्षं झाली.

असो. आता फर्नांडरावांच्या त्या नर कबुतराबद्दल. त्यांनी मला तो निळा नर भेट दिला तेव्हाच बजावलं होतं, हा आमच्या खुराड्यात अंड्यातून निघालेला आहे, जन्मभर तेच घर मानील. ते मला सांगायला नको होतं. कबुतराला कितीही खाऊ घाला, ते जिथे पहिलं उडालं तिथेच परत जातं, म्हणून बाहेरून आणलेल्या पक्ष्याला आम्ही ‘कैदी’ म्हणतो आणि जाळीतच ठेवतो. हा कैदी मोठा राजेशाही होता. माझ्या निळ्या मादीशी त्याचा जोडा जमला. (तिचं नाव बेरिल. तू तेव्हा रागावली होतीस, पण आमच्यात सगळ्यात चांगल्या मादीला घरच्या बाईचं नाव देतात, आणि डोरीनचं नाव आधीच एका लठ्ठ मादीला देऊन झालं होतं.) त्यांची पिल्लं खाडीपार शर्यतीत, म्हणजे इंग्लिश खाडीपलीकडे फ्रान्सला नेऊन सोडल्यावर, अशी घरी यायची की सेपसुद्धा गप्प बसायचा.

आणि मग आला तो शनिवार. आदल्या रात्री देश शेवटी एकदाचा दारातून बाहेर पडला होता. मी डोरीनला घेऊन दातांच्या डॉक्टरकडे गेलेलो, खुराड्याची किल्ली नेहमीप्रमाणे सेपकडे दाणे घालायला. सेपने काय करावं? टोपीत झेंडा खोचला आणि ‘आज स्वातंत्र्य सगळ्यांना!’ असं म्हणत गल्लीतल्या एकूण एक खुराड्यांची दारं उघडली. कैद्याच्या जाळीवर मी पाटी लावली होती, ‘उघडू नये’. सेपचा चष्मा घरी. वरून मलाच म्हणतो, ‘मला वाटलं बिचाऱ्याला काही शिक्षा केलीय तू.’ बाकीची पाखरं दोन घिरट्या घालून दाण्यांच्या डब्याचा आवाज ऐकताच मुकाट्याने परत आली. कैदी चर्चच्या कळसावर जाऊन बसला, क्षणभर विचार केला, आणि सरळ दक्षिणेकडे निघाला. सेपने टोपी काढून त्याला मुजरा केला. त्याला वाटलं, पक्षी मानवंदना देतोय! थोडक्यात, आपला देश युरोपातून बाहेर पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझा सगळ्यात चांगला नर युरोपात परत गेला.

पुढे मार्चमध्ये फर्नांडरावांचं कार्ड आलं, एका ओळीचं, फ्रेंचमध्ये. सेपने ते उलटंसुलटं बघून निकाल दिला की ही खंडणीची चिठ्ठी आहे. वाचनालयातल्या बाईंनी वाचून सांगितलं, ‘तो घरी आला. दमला आहे.’ मी कार्डाची मागची बाजूही बघितली. कडेने बघितली. तुझं एक अक्षर नव्हतं. खरं सांगतो बेरिल, फार वाईट वाटलं.

आता तोलण्याची सभा. गेल्या आठवड्यात माझ्या शेडमध्ये झाली, आम्ही उरलेसुरले सहाजण. नियम असा ठरला की प्रत्येक फायद्याला उजव्या पारड्यात एक वाटाणा आणि प्रत्येक तोट्याला डाव्या. पहिला वाद युरोपाचा लाल जाऊन परत आलेल्या आपल्या जुन्या निळ्या पासपोर्टावरून. सेपला त्याचा वाटाणा हवा होता, पण आमच्यापैकी कुणाकडेच पासपोर्ट नाही, त्यामुळे अर्धा वाटाणा धरला. किलो-ग्रॅम जाऊन पौंड-औंसाची जुनी वजनं परत येणार म्हणून एक. सार्वभौमत्वाला सेप मूठभर टाकायला निघाला. मी म्हटलं, ते किती पौंड भरतं? तो म्हणाला, ‘पौंड भरेल नाहीतर किलो, पण आता ते आपण ठरवणार!’ डाव्या बाजूला मका महागला म्हणून एक, आपली पाखरं खाडीपार नेणारा पोलिश ड्रायव्हर मायदेशी निघून गेला म्हणून एक (त्याच्या बायकोच्या मुरवलेल्या काकड्यांचा वेगळा एक, हा डोरीनने खिडकीतून ओरडून टाकायला लावला), मोटारीच्या कारखान्यात एका सभासदाच्या पुतण्याची कामाची पाळी कमी झाली म्हणून एक. (त्यावर सेप म्हणे, ती साथीमुळे. मग तो वाटाणा मधोमध दांडीवर ठेवला, तिथून तो घरंगळला आणि अजून सापडलेला नाही.) शेवटी फ्रान्सची शर्यत. नव्या कागदपत्रांमुळे यंदा आमची पाखरं खाडीपार गेलीच नाहीत. इकडच्याच किनाऱ्यावरून उडवली, म्हणजे पोहायची शर्यत न्हाणीघरात. तिच्यासाठी वाद न घालता सगळ्यांनीच डाव्या पारड्यात वाटाणे टाकले. मी कैद्यासाठी एक टाकायला गेलो तर सेपने हात धरला. ‘तो स्वतःहून गेला. ती त्याची इच्छा. इच्छेला तोटा म्हणत नाहीत.’ यावर मी काहीतरी बोललो, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. एवढ्यात आढ्यावरून ती लठ्ठ डोरीन (कबूतर) खाली उतरली आणि सगळ्यांच्या देखत डावं पारडं साफ करून गेली. उजवं पारडं खाली बसलं. सेपने लगेच ठराव मांडला की देशाचा फायदा झाला आहे, आणि तो बहुमताने मंजूर झाला.

सगळे गेल्यावर सेप मात्र मागे राहिला. दारात कोट घालून बराच वेळ टोपी फिरवत उभा होता. मग म्हणाला, ‘क्लिफ, फ्रान्सची शर्यत गेली रे आपली.’ समुद्र ओलांडून आलेला पक्षी छपरावर उतरतो तेव्हाचा तो पंखांचा आवाज, तेवढ्यासाठी मी वर्षभर जगायचो, असं म्हणाला, आणि हे कुणाला सांगू नकोस असंही म्हणाला. म्हणून फक्त तुलाच लिहितो आहे.

तर मूळ मुद्दा नराचा. तो परत आणायचा म्हणून मी सरकारी फोनवर चौकशी केली. तासभर बाजा ऐकवल्यावर एक पोरगी बोलली. पक्षी कायमचा येणार की तात्पुरता? म्हटलं, ते त्याच्यावर आहे. पूर्वी तो देशाबाहेर कसा गेला? म्हटलं, उडत. कोणत्या नाक्यावरून? म्हटलं, बाळ, वरून. ती पुन्हा बाजा लावून गेली. सार एवढंच की तिकडच्या पशुवैद्याचा दाखला हवा, आणि पक्ष्यासोबत कुणीतरी माणूस आला तर फार बरं. तेव्हा फर्नांडरावांना सांगून दाखल्याचं बघ. मादी बेरिल फार वाईट अवस्थेत आहे. सेपने आपला देखणा नर दाखवायला आणला, त्याला तिने टोचून टोचून पळवला. चिनी मातीचं अंडं ठेवलं तर त्यावर बसते, मग उठते, मग छपराच्या दक्षिणेच्या टोकाला जाऊन उभी राहते. तिला बघून मलाही एका जागी बसवत नाही. डोरीन म्हणते, छपरावर एक आणि अंगणात एक, दोघांचं तोंड एकीकडेच.

आणखी काय लिहू? फर्नांडरावांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा भाऊ,
क्लिफर्ड हिंडमार्श

ता. क. दाखल्याला फार यातायात पडत असेल तर नर राहू दे. तो आता घरी आहे, त्याला पुन्हा जाळीत घालायला माझ्याने होणार नाही. सोबत येणारा माणूस तेवढा पाठव. म्हणजे तू. माणसांना अजून पशुवैद्य लागत नाही, मी विचारून घेतलं आहे.

ता. क. २. आलीस तर निघताना गुडघ्यांवर थापटी मार, ‘येते’ म्हण आणि रीतीप्रमाणे दारात उभी राहा. आत्याचं पित्ताशय काढून टाकलं, पण विषय अजून शिल्लक आहे.

(पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. बेरिल, हा बावळट तुला जन्मात सांगायचा नाही म्हणून मी सांगते. याने मत दिलंच नव्हतं. इकडेही नाही, तिकडेही नाही. त्या गुरुवारी याने मादीला सरावासाठी दक्षिणेतून सोडायला पाठवलं होतं, तिकडे धो धो पाऊस, ती रात्रीपर्यंत आलीच नाही, आणि हा मान वर करून अंगणात उभा, इकडे मतदान संपलं. सेपसमोर लाज वाटली म्हणून ग्रेव्हीकडे बघत बसला. तो अ‍ॅपल पाय मी पुन्हा करीन. – तुझी वहिनी, डोरीन)

ता. क. ३. डोरीनने वर जे खरडलं आहे ते मी खोडणार होतो, पण पेन तिने लपवलं. हे पेन्सिलीने लिहितो आहे. ती म्हणते ते खरं आहे. त्या दिवशीही मी अंगणात उभा राहून बेरिलचीच वाट बघत होतो.