नव्या दळणाचा पहिला चमचा

सोमवार, ३ मार्च
पोचले बाई एकदाची! खोली कारखान्याच्या अगदी डोक्यावर आहे. खाली जडीबुटी दळतात, त्यामुळे उशीपासून टॉवेलपर्यंत सगळ्याला कडवट वास. पण खिडकी मोठी आहे, नळाला गरम पाणी येतं, आणखी काय हवं? मागच्या खेपेला माझं पोट टिकलं नाही, नवरोबा महिना महिना ट्रकवर, म्हणून यंदा एकटी राहायची धास्तीच घेतली होती मी. वन्संनी आपणहून फोन केला. त्या इथेच चूर्णाचे डबे भरतात. म्हणाल्या, काम हलकं आहे गं. बसून करायचं. माणसं जीव लावतात. नणंद असावी तर अशी! मालकीणबाईंना सगळ्या मावशी म्हणतात. मला बघताच त्यांनी कितवा महिना विचारला, मी दुसरा म्हटलं, तर चक्क गालगुच्चाच घेतला.

शुक्रवार, ७ मार्च
माझं काम लेबलं चिकटवायचं. ‘गर्भवतींसाठी संपूर्ण सुरक्षित. निव्वळ वनस्पती.’ वाकडं लागलं की मावशी नखाने सोलून परत लावायला लावतात, फार काटेकोर बाई.

आज गंमत झाली. इथे एक रीत आहे. नव्या दळणाचा पहिला चमचा कारखान्यातल्या सगळ्यात नव्या पोटुशीला. सगळ्या बायका हातातलं काम टाकून भोवती उभ्या राहिल्या, मावशींनी चमचा माझ्या ओठाला लावला आणि धडाधड टाळ्या! मी लाजून चूर. चूर्ण म्हणाल तर जहर कडू, पण एवढ्या मायेने भरवल्यावर थुंकणार कोण? संध्याकाळी मावशी वर येऊन पोटात काय वाटतंय, कुठे दुखतंय का, सगळं विचारून गेल्या. सख्खी आई इतकी चौकशी करत नाही.

गुरुवार, १३ मार्च
ओटीपोटात कळा येतात. मावशींना सांगितलं तर त्यांनी मान डोलावली आणि दळणात काहीतरी कमी-जास्त केलं. पुन्हा चमचा, पुन्हा टाळ्या.

मी गुपचूप दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरीणबाईंनी काय काय घेतेस विचारलं. मी म्हटलं, औषध काहीच नाही, नुसतं झाडपाल्याचं चूर्ण. अशी काही झापली मला! झाडपाला म्हणजे निरुपद्रवी असं कुणी सांगितलं, म्हणाल्या. काही मुळ्यांनी गर्भाशय आवळतं. आत काय घातलंय ते ठाऊक नसताना पहिल्या महिन्यांत ते तोंडात घालायचंच कशाला? आजपासून बंद कर, डबा मला आणून दाखव, आणि रक्त दिसलं तर तडक इथे ये. आधी मला राग आला. मग वाटेत मागची खेप आठवली.

बुधवार, १९ मार्च
धीर करून मावशींना विचारलं, हे सुरक्षित आहे हे तपासलं कुणी? त्या हसतच सुटल्या. म्हणाल्या, तुम्हीच की गं.

इथल्या एकाही बाईला मूल नाही. हे माझ्या आज लक्षात आलं. लेबलं मी माझ्या हाताने चिकटवतेय.

नवरोबाला फोन केला. ताई आहे ना तिथे, मग झालं तर, म्हणाला आणि ठेवला. रिकाम्या घरी एकटी कशी परत जाऊ?

शनिवार, २२ मार्च
चमचा तोंडात धरते आणि रुमालात थुंकते. आज कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसत्या बघत होत्या.

संध्याकाळचा चहा कडू लागला. मग पाणीही. मी नळाचं पाणी ओंजळीने पितेय.

सोमवार, २४ मार्च
वन्सं मोरीत ओकत होत्या. पाठ चोळायला गेले, तर त्यांचा तो ढगळ ॲप्रन वर सरकलेला— पोट. चांगलं गोल पोट.

त्या म्हणाल्या, मागच्या वर्षी चमचा माझा होता. माझं गेलं. या वेळी पुन्हा माझ्याच वाट्याला येणार होता. मावशी म्हणाल्या, तुझ्यापेक्षा नवी आणून दे, तुला सोडते.

म्हणून मला फोन. माझी काळजी वगैरे काही नव्हती. मी हिला सख्खी बहीण मानत होते! तोंडात मारायला हवी होती, पण हातच उचलला नाही. त्या माझे पाय धरून रडत होत्या. मला नाही रडू आलं.

मंगळवार, २५ मार्च
कपड्यावर डाग. लाल.

फाटकाला कुलूप. मावशी म्हणतात झोपून राहा, बाईच्या जातीला एवढं चालायचंच. फोन वन्संनी नेला. तुला विश्रांती हवी म्हणे! मी किंचाळले. खालून टाळ्या आल्या.

बुधवार, २६ मार्च
पोटात आहे अजून. वाटतंय तसं. राहा रे बाळा. राहा—

गुरुवार, २७ मार्च
मावशी माझा फोन घेऊन वर आल्या. माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला होता. माझ्यासमोरच स्पीकरवर लावला. गोड बातमी आहे ताई, आत्ताच कळलं, म्हणत होती. खिदळत होती वेडी. मावशींनीच तिला थोड्या वेळाने कर म्हणून सांगितलं.

मग माझ्या केसांवरून हात फिरवला. तिला काम हवं असेल ना, म्हणाल्या. ती येते म्हणाली, तर लगेच गाडी काढते. तुला दवाखान्यात नेते. अजून वाचेल तुझं.

डाग वाढलाय.

वन्संना मी मनात काय काय बोलले— आणि आता—

फोन वाजतोय. मावशी जिना चढतायत. धाकटीला मी अंगाखांद्यावर खेळवलीय, तिला मी कधी— पण रक्त थांबत नाहीये, आणि माझे ओठ आपोआप हलतायत, मी मनातल्या मनात घोकतेय, काम हलकं आहे गं. बसून करायचं. माणसं जीव—