काचेच्या कापडातली खळ

मंगळवार, संध्याकाळ. करी रोड.

आज लॅबमध्ये माझी उष्णता साठवणारी फळी पुन्हा सुटली. काचेच्या धाग्याचं कापड, प्लास्टिकचं रेझिन आणि आत मेण. उन्हात मेण वितळून उष्णता साठवतं, गार होताना परत देतं. चार-पाच वेळा तापवली की थर पापुद्र्यासारखे वेगळे होतात. तीन महिने मी मेणालाच दोष देतेय.

उरलेलं कापड घरी आणलं होतं. चहा पिता पिता बाबांनी त्याची दशी चिमटीत धरून चोळली. "काच आहे बाबा, खाजेल," मी म्हटलं. ऐकलं नाही, परत चोळली.

"खळ काढलीस काय गो?"

"कसली खळ?"

"मागावर दोरा तुटू नये म्हणून लावतात ती. खळ असली तर कापड रंग धरत नाही, तुझं प्लास्टिक काय धरणार?"

'तुम्हाला नाही कळायचं' हे तोंडावर आलं होतं. बरं झालं, तोंडात बिस्किट होतं.

कापडासोबत आलेला कागद काढला. स्पष्ट लिहिलंय, खळ काढलेली नाही. तीन महिने माझ्याच पिशवीत होता. उद्या माटुंग्याला लॅबमध्ये आधी कापड भट्टीत घालून खळ जाळायची, मगच फळी. टिकेल? वाटतंय तरी.

बाबा अजून अंगठा खाजवतायत.

शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'गिरणी कामगार' लिहीत आले. कुठल्या खात्यात होते, ते आज पहिल्यांदा विचारलं.

"खळीच्या," म्हणाले.