मुक्काम: जावयाचं घर

१० फेब्रुवारी २०२५, सकाळी ७
आजपासून रोज डायरी. खंड पडू द्यायचा नाही.

जॉगिंग ट्रॅकवर वाल्मीक पेपर घेऊनच आला होता. अमेरिकेत नियम कडक झालेत म्हणाला. ग्रीन कार्डवाल्यांनाही विमानतळावर बाजूला घेतात, सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की चौकशी. मी म्हटलं, ते लोंढ्यांसाठी. माझ्या कार्डावर परमनंट लिहिलंय. परमनंट म्हणजे परमनंट. बत्तीस वर्षं शाळेत परमनंट होतो, शेवटची नऊ हेडमास्तर. मला कोणी बाजूला घेतलं नाही.

घरी येऊन कार्ड बघितलं. देवघरात, बाळकृष्णाच्या मागे. आहे जागेवर.

१५ फेब्रुवारी
दीपमालाचा फोन. बाबा, सप्टेंबरात गेलात, आता मार्च उजाडायच्या आत या. आणि जास्त दिवस बाहेर राहायचं तर निघताना रीएंट्री परमिट काढा, असं मी म्हणत होते, ते ऐकलं नाहीत. स्वतःच्या घरी जायला परमिट लागतं का कुठे? लेक हुशार आहे, पण घाबरट. आईवर गेलीय.

तिची आई, उज्वला, तीन वर्षं झाली लेकीकडेच आहे, नात पायलला सांभाळायला. मीही तसा तिकडचाच. फक्त दिंडोरीच्या द्राक्षबागेपायी इकडे अडकतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघायचं. फायनल.

६ मार्च
तोडणी चालू आहे. मी गेलो तर बागेचं काय? बागेवरचा गडी पुंजा म्हणाला, सर, तुम्ही जा, बाग काय पळून जात नाय. बिचारा वरवर बोलतो. मनातून घाबरलेला असणार.

सहा महिन्यांवर चार दिवस झाले. चार दिवसांनी काय होतंय.

११ एप्रिल
द्राक्षवेलींची खरड छाटणी, तोडणीनंतरची. ही उरकली की लगेच निघायचं.

उज्वलाचा व्हिडिओ कॉल. पायलने स्क्रीनवर बघून टाटा केलं आणि खेळायला पळाली. तीन वर्षांची आहे, चालायचंच. उज्वलाने विचारलं, अहो, खरं सांगा, तुम्हाला इकडे राहायचंय की नाही? कार्ड गेलं तर आपण दोघं दोन टोकांना. राग आला. राहायचं नसतं तर कार्ड काढलं असतं का?

खरं सांगायचं तर (इथे कोण वाचतंय) गेल्या वर्षी पाच महिने राहिलो तेव्हा मला फ्रिजसुद्धा विचारून उघडावासा वाटायचा. जावई ललितराव भला माणूस. टीव्हीचा रिमोट स्वतः हातात आणून द्यायचे. पण ते रिमोट देतात म्हणजे रिमोट त्यांचा. जावयाच्या घरी सासऱ्याने पाय पसरून बसू नये. माझी आई नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही प्यायली नव्हती.

तरी इथे एकट्याला दोन पोळ्या लाटायचा कंटाळा येतो. बाईच्या हातची भाजी उज्वलासारखी होत नाही. असो.

(डायरीत जरा खंड पडला. बागेचं काम.)

१८ मे
उद्या निघणार. साडेआठ महिने झाले.

दीपमालाने प्रश्नोत्तरं पाठवली आहेत. पहिला प्रश्न: तुम्ही कुठे राहता? उत्तर: इथेच, मुलीच्या घरी. तोंडपाठ करा म्हणाली. हेडमास्तरला पाठांतर सांगते! आरशासमोर म्हणून बघितलं. बाकीची अकरा उत्तरं खडाखडा येतात. पहिलंच जिभेवर अडतं. आयत्या वेळी येईल.

२० मे, तिकडचा विमानतळ
बाजूला घेतलं.

अधिकारी तरुण, अत्यंत सभ्य. सर म्हणत होता. बाकावर शेजारी आपल्याकडचंच एक कुटुंब, कान देऊन. अधिकाऱ्याने विचारलं, कुठे राहता? म्हटलं, मुलीकडे. घर कोणाच्या नावावर? म्हटलं, जावयाच्या. मग तो मोठ्याने म्हणाला, म्हणजे तुम्ही जावयाच्या घरी राहता.

असं चारचौघांत! मी लगेच दुरुस्त केलं. छे छे, तिथे मी पाहुणा. माझं स्वतःचं घर आहे, नाशिकला, गंगापूर रोडला, चार खोल्या. शिवाय दिंडोरीत साडेतीन एकर द्राक्षं. त्याने सगळं लिहून घेतलं. एकराचा हिशेबही विचारला. छाप पडली, असं वाटलं.

मग एक फॉर्म पुढे केला. कार्ड स्वखुशीने परत करतो, असा. म्हणाला, सही करायलाच हवी असं नाही, जज्जसमोर जायचा तुम्हाला हक्क आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. सही केली. नाइस सिग्नेचर म्हणाला.

परतीचं विमान संध्याकाळी. दीपमाला बाहेर चार तास उभी होती, पायलला कडेवर घेऊन. मला फोन करू दिला, तेव्हा ती नुसती रडली. मी म्हटलं, अगं, माणसं चांगली आहेत.

२३ मे, नाशिक
वाल्मीक म्हणाला, इतक्यात आलात? म्हटलं, कार्ड मीच परत केलं. तत्त्वाचा प्रश्न होता. वाल्मीकने पेपरची घडी घातली आणि पुढची फेरी धरली. तो असा पुढे निघून जातो, हे मला कधीच आवडत नाही.

२ जून
उज्वलाला सांगितलं, आता तूच ये. आपलं घर इथे आहे.

ती म्हणाली, नाही येणार. पायल शाळेत रुळू दे, मग बघू. मग म्हणाली, गेल्या वर्षी बहिणीच्या तेराव्याहून परतताना विमानतळावर तिलाही तोच प्रश्न विचारला होता, कुठे राहता? ती म्हणाली, इथेच, लेकीकडे. अधिकाऱ्याने शिक्का मारला आणि वेलकम होम म्हणाला.

मी विचारलं, तुला लाज नाही वाटली?

म्हणाली, अहो, लग्न झाल्यापासून मी दुसऱ्याच्याच घरी राहतेय. आधी सासऱ्यांचं, मग तुमचं, आता लेकीचं. सवय आहे मला.

चाळीस वर्षांत हे कधी बोलली नव्हती. मी कधी विचारलंही नव्हतं.

१९ जून
कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत जाऊन व्हिजिटर व्हिसाचा फॉर्म भरला. मुलाखतीची तारीख पुढच्या वर्षीची. तीही मिळाली तर.

तिकडे कुठे उतरणार, असा रकाना होता. जावयाच्या घरी. एका दमात लिहिलं, काही अडलं नाही. आता ते खरं असून उपयोग नाही.

त्याच्याखाली प्रवासाचं कारण. बराच वेळ बसलो. कॅफेवाली मुलगी म्हणाली, काका, टुरिझम टाका, सगळे तेच टाकतात.

मी लिहिलं: बायकोला भेटणे.